जिल्हा पेटला का?

गोंदियाहून बालाघाटकडे जाणारी गाडी हलली आणि माझे मित्र मेश्राम यांनी खिशातून फोन काढून डब्यातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जिल्हा पेटला का?"

समोरच्या बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. खिडकीपाशी पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला आणि बातमी आपल्याकडून सुटली की काय म्हणून पहिलं पान पुन्हा चाळलं. मेश्राम कपाळाला आठ्या घालून पलीकडचं ऐकत होते. मग म्हणाले, "नाही पेटला? मंग वाळला भुसा टाक. आन् खालून हवा दे."

मी स्वभावाने भित्रा माणूस आहे. उभा जन्म एका भाषांतर कार्यालयात सरकारी कागद मराठीत आणण्यात गेला, त्यामुळे दंगल हा शब्दही मी बहुतेक परिपत्रकांतच पाहिलेला. काय प्रकार आहे, असं मी हळूच विचारलं. "काही नाही," मेश्राम फोन खिशात टाकत म्हणाले, "जिल्ह्याले दोन दिवसापासून जड जाऊन राह्यलं. भुशाले ओल लागली." घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. मी पुढे काही विचारलं नाही.

मेश्रामांची आणि माझी ओळख नागपूरच्या एका दवाखान्यातली. दोघांचीही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, शेजारशेजारच्या खाटा, त्यांचा डावा डोळा बांधलेला, माझा उजवा. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी पाण्याच्या पंपावर नोकरी केली आणि आता रामपायलीच्या अलीकडच्या एका गावात विधवा बहिणीकडे राहतात. हट्ट्याची बावली (पायऱ्यांची जुनी विहीर) दाखवतो, या बोलीवर त्यांनी मला सांगलीहून भर मे महिन्यात बोलावून घेतलं होतं. पेटणाऱ्या जिल्ह्याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

बालाघाटला उतरून स्टेशनबाहेर पोहे-जिलबी खाल्ली. मी माझ्या सांगलीच्या हिंदीत पोहे बिनतिखट मागितले, तेव्हा दुकानदाराने मेश्रामांना बाजूला घेऊन, पाहुण्यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय का, अशी चौकशी केली. मेश्रामांनी डोळ्याचं झालंय म्हणून सांगितलं. त्याला ते पटलं असावं, कारण पोहे खरोखर फिके आले.

पुढचा प्रवास मेश्रामांच्या मोटारसायकलवर झाला. वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा नदी एका कडेने बारीक वाहत होती आणि बाकी सगळी वाळू तापत होती. उन्हाळी धान नुकतंच निघालेलं, त्यामुळे रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर दोन्ही दिशांची वाहनं समजुतीने चालली होती. ऊन इतकं की बोलायला तोंड उघडलं तर जीभ वाळायची. मी तोंडावर उपरणं गुंडाळून, या माणसाचं आपण का ऐकलं, असा विचार करत बसलो होतो.

गावात शिरताच जिल्हा दिसला. चिंचेखाली पत्र्याची मोठी शेड, शेडमध्ये हिरव्या रंगाचा बैलगाडीएवढा बॉयलर आणि दारावर पाटी. पाटी रंगवणाऱ्याने पहिला शब्द इतक्या हौसेने काढला होता की 'जिला' या दोन अक्षरांतच पाटी भरली होती. 'ऊर्जा प्रणाली' ही उरलेली अक्षरं खाली मुंगीएवढी काढावी लागली आणि ती धुराने पुसली गेली. राहिला तो जिला. गावातल्या मराठी घरांनी त्याचा जिल्हा केला. जिल्हा थंडावतो, जिल्हा शिट्टी मारतो, जिल्ह्याची राख शेतात पडते. त्यात कोणालाही काही विनोदी वाटत नाही.

मेश्रामांनी सगळं समजावून दिलं. गिरणीत धान भरडलं की भुसा (दाण्यावरचं टरफल) उरतो. पूर्वी त्याचे ढीग नुसते पडून राहायचे. सरकारने योजना काढली, गावाला एक सामायिक बॉयलर दिला. भुसा जाळून त्याची वाफ होते, ती नळांनी निघते आणि उसन्या तांदळाच्या (धान उकडून मग भरडलेल्या) टाक्यांना, शाळेच्या स्वयंपाकघराला, आरोग्य केंद्राला आणि अठरा घरांना मिळते. एका जाळात सगळ्या गावाचं काम. सरकारी योजनेबद्दल चांगलं बोलण्याची मला सवय नाही, पण ही योजना चांगली होती.

सुलोचनाबाई रामटेके म्हणजे मेश्रामांची बहीण. हा जिल्हा त्यांच्या हातात. पन्नाशीच्या, अंगाने काटकुळ्या. पदर खोचून त्या घमेल्याने भुसा ओतत होत्या आणि एक डोळा वाफेच्या काट्यावर होता. मला "जयभीम भाऊ" म्हणाल्या आणि लगेच काट्याकडे वळल्या. त्यांच्या महिला गटातल्या नऊ बायका तिथे काम करतात. बॉयलर येण्याआधी त्या उघड्या चुलाणावर, मोठ्या हंड्यांत धान उकडायच्या. सुलोचनाबाईंनी तसं बावीस वर्षं केलं. त्या धुराने त्यांचे डोळे कायमचे लाल झाले आहेत आणि बोलताना मध्येच खोकल्यासाठी थांबावं लागतं. बॉयलर आल्यापासून खोकला निम्म्यावर आला, असं त्या सांगत नाहीत, मेश्राम सांगतात.

जेवायला चिन्नोर तांदळाचा भात आणि वांगं-झिंगे (सुकवलेली बारीक कोळंबी) होतं. वास घेऊनच माझी अर्धी चिडचिड गेली. जेवताना लक्ष गेलं ते भिंतीकडे. भिंतीला लोखंडी पन्हाळ्यांचं एक जाडजूड कपाट ठोकलेलं आणि त्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली. हे काय, असं विचारल्यावर सुलोचनाबाई म्हणाल्या की ही तापी. खोली गरम करायला सरकारने दिली. अठराही घरांत आहे.

मे महिन्यातल्या बालाघाटात, जिथे भिंतीला पाठ टेकवत नव्हती, तिथे खोली गरम करायला लोखंडी तापी. योजनेचा मूळ आराखडा कुठल्यातरी बर्फाळ मुलुखातला, त्यात खोल्या तापवणं हे मुख्य काम होतं म्हणून तेही आलं. गावाने तोट्या बंद करून टाकल्या आणि पापडासाठी, मोहासाठी, मांजराच्या बसण्यासाठी तापी ठेवून घेतली.

"तापी हे नाव कोणी ठेवलं?" मी विचारलं.

सुलोचनाबाईंनी फळीवरून एक माहितीपत्रक काढून दिलं. सीमेवरच्या गावांसाठी एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी बाजूला तिसऱ्या ओळीत शब्द होता, 'भित्तितापिका'. त्याचंच पुढे तापी झालं.

माझा घास तोंडातच राहिला. भित्तितापिका हा शब्द जगात एकाच माणसाने वापरला आहे आणि तो सांगलीत राहतो. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात ऊर्जेच्या शब्दांची एक यादी करायला आली होती. भिंतीवरच्या तापकाला मी तो शब्द घडवला आणि आठवडाभर स्वतःवर खूष होतो. त्याच यादीत वर दुसरा एक शब्द होता. इंग्रजीत 'डिस्ट्रिक्ट', म्हणजे त्या ठिकाणी वस्ती, आळी, परिसर. मला ते ठाऊक होतं. पण जेवणाची सुट्टी झाली होती, डब्यात भरली वांगी होती, आणि मी 'जिल्हा' लिहून पेन मिटलं. शेजारच्या टेबलावरच्या हिंदीवाल्या सहकाऱ्याने ते पाहून 'जिला' केलं. तो शब्द फिरत फिरत इथे चिंचेखाली येऊन पाटीवर बसला होता.

मी पाणी प्यालो आणि भात छान झाल्याचं सांगितलं. खरं सांगायचं धैर्य झालं नाही. तेवढ्यात मेश्रामांनी दुसरा कागद पुढे केला. तपासणीच्या कार्यालयाने तीन वर्षांपूर्वी हरकत घेतली होती की जिला ऊर्जा प्रणाली ही जिल्ह्यासाठी असताना एका गावात आढळून आली आहे, तरी ती जिल्ह्याच्या मुख्यालयी हलवावी. पंचायतीच्या सचिवाने तीनदा उत्तर पाठवलं की हे गावही जिल्ह्यातच आहे. तिन्ही वेळा उत्तर आलं की गाव जिल्ह्यात असलं तरी जिल्हा गावात असू शकत नाही. परवा साहेब येणार होते, सोबत बॉयलर उचलायला ट्रक.

"नेला तं मंग परत चुलाण," सुलोचनाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि खोकत बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही हट्ट्याला गेलो. बावली खरोखर पाहण्यासारखी आहे. जमिनीखाली मजले, दगडी खांब, कमानी आणि खाली हिरवट स्थिर पाणी. पायऱ्या उतराव्या तसं ऊन वर राहतं आणि अंगाला गारवा लागतो. वर माणसं भाजत असताना खाली अशी थंड खोली कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी दगडात बांधून ठेवली, सगळ्यांनी मिळून वापरायला. तिला ना तोटी लागली ना माहितीपत्रक. मी तिथल्या पायरीवर बसलो आणि मेश्रामांना भरल्या वांग्यांसकट सगळं सांगून टाकलं.

मेश्रामांनी पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मला वाटलं, आता मैत्री संपली. मग ते म्हणाले, "मी इचार करत होतो, एवढा येडा शब्द कोणाच्या डोक्यातून आला असन. तं तो माह्याच बाजूच्या खाटेवर होता." ते हसायला लागले आणि बावलीत ते हसू तीनदा ऐकू आलं. परत येताना मात्र मोटारसायकल खड्ड्यांतून जरा जोरातच नेली, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला साहेब आले. भोपाळहून आलेला तरुण, नम्र अधिकारी, हातात छापील तक्ता. मागे क्रेनचा ट्रक. सचिवाची आदल्या दिवसापासून धावपळ चालू होती. तक्त्यात खोली तापवण्याचा रकाना आहे, म्हणून अठराही घरांतल्या तापी सुरू करा, असा त्याचा हुकूम होता. सुलोचनाबाईंनी नकार दिला. टाकीत धान भिजलेलं होतं, वाफ त्याला हवी होती, आणि धान कोणत्याही साहेबासाठी थांबत नाही.

साहेब सुलोचनाबाईंच्या घरात आले. तापी बंद, तिच्यावर मोहाची फुलं. त्यांनी तापमापक काढला, खोलीच्या मध्यभागी धरला आणि घाम पुसत वाट पाहिली. एकेचाळीस. तक्त्यात लिहिलं होतं, किमान वीस. साहेबांनी बंद तापीकडे पाहिलं, तापमापकाकडे पाहिलं, आणि रकान्यात लिहिलं, उद्दिष्ट प्राप्त. अठराही घरांत हेच झालं. नवव्या घरापासून तर ते आत न जाता दारातूनच लिहू लागले.

मग सगळे चिंचेखाली आलो. साहेबांनी तक्त्याचं शेवटचं पान उलटलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "जिला कहाँ है?"

सुलोचनाबाईंनी बॉयलरकडे बोट केलं. "ये ही है साहब."

"ये तो बॉयलर है."

"हौ. इसी को जिला बोलते."

सचिव मध्ये पडून बोलू लागला, गाव जिल्ह्यात, जिल्हा राज्यात. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कागदावर जिला आहे, म्हणून तो जिथे जिला आहे तिथे न्यायचा. शब्द त्यांनी लिहिलेला नव्हता, बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. ट्रकवरची दोन माणसं साखळ्या उतरवू लागली. बॉयलर आतून धडधडत होता आणि नऊ बायका टाकीपाशी हात तसेच ठेवून उभ्या होत्या. सुलोचनाबाई काट्याकडे पाहत होत्या, जणू आता तो एकच त्यांचं ऐकणार होता. मला स्वतःची लाज वाटली, अगदी उघड, पायापासून वर चढत येणारी.

"शब्द माझा आहे," मी म्हणालो. हिंदीत म्हणालो, त्यामुळे ते "शब्द मेरा है" असं नाटकी झालं आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

साहेबांनी माझं ओळखपत्र मागितलं. माझ्याकडे ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड होतं. मग मी माहितीपत्रक पुढे धरून सगळं सांगितलं, यादी, सुट्टी, पेन. भित्तितापिका हा पुरावा म्हणून दाखवला. सुलोचनाबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं, आणि मी त्यांच्याकडे पाहणं टाळत होतो. शेवटी म्हणालो की या कागदात जिला म्हणजे जिला नव्हेच. जिला ऊर्जा प्रणाली अशी वस्तूच जगात नाही.

साहेबांचं पेन थांबलं. ते चिंचेखालच्या खाटेवर बसले, टोपी काढली. "हे लेखी द्याल?" असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी तिथेच लिहून दिलं. शिक्का हवा होता. माझ्याकडे कसला शिक्का? सुलोचनाबाईंनी बटव्यातून गटाचा रबरी शिक्का काढला आणि माझ्या सहीवर दाबला. 'अध्यक्षा, महिला उसना गट' या हुद्द्याने मी आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं भाषांतर प्रमाणित केलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला, "स्थल निरीक्षण में जिला नहीं पाया गया." जे आढळलं नाही ते हलवता येत नाही. ट्रकवाल्यांनी विचारलं की काय भरायचं. साहेब म्हणाले, काही नाही, इथे काही नाहीच. त्या काहीच नसलेल्या बॉयलरने नेमकी तेव्हाच शिट्टी मारली. साहेब दचकले नाहीत. त्यांनी कागद पिशवीत ठेवले, उसन्या तांदळाचा भात खाल्ला, चांगला आहे म्हणाले आणि गेले. जाताना मला वाटलं, ते किंचित हसत होते. पण ऊन डोळ्यावर होतं आणि माझा एक डोळा नवा आहे.

आनंद अर्धा तास टिकला. मग सचिवाच्या लक्षात आलं की वस्तूच नाही म्हटल्यावर दर वर्षी येणारा सरकारी मिस्त्री येणार नाही, सुटे भाग येणार नाहीत. गावाची वाफ कागदावरून गेली होती. मेश्राम म्हणाले की पंप काय आणि बॉयलर काय, दुरुस्ती आपण करू, पण त्यांचाही आवाज पडला होता. मी सुलोचनाबाईंजवळ गेलो आणि माफी मागितली. शब्दासाठी, आणि दोन दिवस गप्प राहिलो त्यासाठीही.

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "भाऊ, बावीस वर्सं मी कोणत्या कागदावर होती? धान तं उकडतच होती ना." मग काटा पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या जेवनाच्या सुट्टीनं आमाले तीन साल रडवलं. आता उद्या जाच्या आंधी भुशाचे धा घमेले टाकून जा."

मी टाकले. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो, अकरा टाकले, आणि अकराव्याला पाठीत उसण भरली. परतीचा प्रवास गोंदियापर्यंत उभ्याने आणि पुढे कोल्हापूरच्या गाडीत पालथं पडून केला. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, जिल्हा पेटवत होतो. त्याने उरलेल्या प्रवासात माझ्याशी बोलणं टाळलं.

घरी आल्यावर पहिलं काम दुरुस्तीपत्राचं केलं. एवढी वर्षं शब्दांवर पोसलेला माणूस मी, चूक कळल्यावर मला गप्प बसवेना. 'जिल्हा' खोडून 'वस्ती' वाचावे, अशी सविस्तर कारणमीमांसा चार पानांत लिहिली. पाकिटावर तपासणीच्या कार्यालयाचा पत्ता घातला. टाकण्याआधी विचारावं म्हणून मेश्रामांना फोन केला. तो सुलोचनाबाईंनी उचलला. मागे बायकांचा आवाज आणि वाफेची सूं सूं ऐकू येत होती. मी पत्राचं सांगितलं.

"नका धाडू," त्या म्हणाल्या. "शब्द बरोबर झाला तं आमी परत सापडू."

पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. चूक माहीत असूनही ती तशीच राहू देण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग, आणि हात अजूनही त्या खणाकडे जातो. मग मी सकाळी सातला सांगलीतल्या गच्चीत उभा राहून बालाघाटला फोन लावतो आणि, तिकडे यंत्राच्या आवाजात ऐकू जावं म्हणून, ओरडून विचारतो, जिल्हा पेटला का. खालच्या मजल्यावरचे आता खिडकी लावून घेतात. पलीकडून सुलोचनाबाई हौ म्हणतात. दोन महिन्यांत त्या बोलताना खोकण्यासाठी एकदाच थांबल्या आहेत.